बिबड्यांचा धंदा कोणाच्या नावावर?

पत्राचा सारांश: यावल तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई अडतिशीच्या आहेत, पती केळीचे शेतकरी. सहा वर्षांपूर्वी नात्यातल्या लोकांसाठी म्हणून बिबडे (ज्वारीचं खान्देशी वाळवण), उडदाचे पापड, कुरडया आणि काळा मसाला करायला त्यांनी सुरुवात केली. आता पुणे, नाशिक, सुरतेपर्यंत पार्सलं जातात आणि वर्षाला साधारण सहा लाखांची विक्री होते. पैसे बहुतेक पतीच्या क्यूआर कोडवर येतात. धाकटी जाऊ पहिल्या दिवसापासून सोबत आहे. तिला हंगाम संपला की "योग्य वाटेल तेवढे" पैसे दिले जातात. शेजारच्या दोघी किलोमागे मजुरीवर पापड लाटायला येतात. पुण्यातला भाचा म्हणतो, प्रायव्हेट लिमिटेड काढ, नाव मोठं होईल. दीर म्हणतात, भागीदारी करा. पती म्हणतात, माझ्याच नावावर राहू दे, तू कशाला बँकेच्या चकरा मारतेस. एका एजंटाने कंपनीचं "पॅकेज" सांगितलं आहे. ताई विचारतात: "कायद्याने आमच्यासाठी कोणता प्रकार बरोबर? मसाल्याने कुणाला काही झालं तर घर जाईल का? आणि जावेचं मन न दुखवता हे कसं करायचं?"

ताई, नमस्कार.

जावेचा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी, जरा संकोचून लिहिला आहे. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात. धंदा केवढा आहे यावर त्याचा कायदेशीर प्रकार ठरत नाही. धंदा कोणाचा आहे, तोटा आला तर कोणी सोसायचा, आणि उद्या एखादीला बाजूला व्हायचं असेल तर ती काय घेऊन जाणार, यावर तो ठरतो. भाच्याने, दिरांनी, पतींनी आणि एजंटाने तुम्हाला चार उत्तरं दिली, पण हे तीन प्रश्न त्यांतल्या एकानेही विचारलेले दिसत नाहीत.

तर मग, तुमची जाऊ या धंद्यात कोण आहे? तुम्हीच लिहिलंय की हंगामात दोघी पहाटे चारला उठता. ती चुलीवर ज्वारीची कणी शिजायला टाकते, लसूण, तीळ, मिरची घालून घाटा आळेपर्यंत तुम्ही गच्चीवर खाटा मांडून ओली धोतरं अंथरता, आणि ऊन चढायच्या आत दोघी गरम घाटा थापून मोकळ्या होता. मसाल्याचं भाजणं तिच्या हाताचं. ऑर्डरी, पार्सलं आणि वही तुमची. चक्की घेतली तेव्हा दागिने तुमचे गहाण पडले. हे वाचून ती मालकीण आहे की मदतनीस, ते मला सांगता येईना, आणि मला वाटतं तुम्हालाही नक्की सांगता येणार नाही.

कायद्याला मात्र ते एक दिवस सांगावं लागतं. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यात भागीदारीसाठी लेखी करार असलाच पाहिजे असं नाही. दोघींनी मिळून धंदा चालवला, नफा वाटून घेतला, एकमेकींच्या वतीने व्यवहार केले, तर कागद नसतानाही ती भागीदारी ठरू शकते. नुसता नफ्यातला हिस्सा दिला म्हणून कोणी आपोआप भागीदार होत नाही, प्रत्यक्षात नातं काय होतं ते बघितलं जातं. पण एकदा भागीदारी ठरली आणि वाटे कुठे लिहिलेले नसले, तर नफा आणि तोटा दोन्ही समसमान धरले जातात, मग भांडवल कोणाचं जास्त लागलं असो. म्हणजे तुमच्या मनात ती मदतनीस असेल आणि तिच्या मनात ती निम्म्याची मालकीण असेल, तर दोघीही खोटं बोलत नसाल. तरीही भांडण होईल. "योग्य वाटेल तेवढे" हे शब्द आज प्रेमाचे आहेत. सहा लाखांचे पंधरा लाख झाले की तेच शब्द टोचायला लागतात. असं घडल्यावर चुली वेगळ्या झालेली घरं आपल्याकडे प्रत्येक गावात आहेत.

म्हणून मन दुखेल या भीतीने विषय टाळू नका. मन दुखतं ते न विचारल्याने. तिला सरळ विचारा: "तुला दर हंगामाला ठरलेले पैसे हवेत, का नफ्यात वाटा हवा? वाटा घेतलास तर तोट्यातही घ्यावा लागेल, कर्जावर सही करावी लागेल." तिच्यावर नवऱ्याच्या आजारपणाचा किंवा मुलांच्या फीचा भार असेल, तर ती आनंदाने ठरलेले पैसे मागेल. त्यात कमीपणा नाही. मग किलोमागे दर ठरवा, मसाल्याचा वेगळा ठरवा, वर्षाच्या शेवटी विक्रीवर काही टक्के जास्तीचे द्यायचे असतील तर तेही वहीत लिहून दोघींनी सही करा. शेजारच्या दोघींसाठीही हाच नियम लावा.

ती म्हणाली की तोट्यालाही मी आहे, तर भागीदारी करा आणि मग ती नीट करा. दिरांचा सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. भागीदारीचा करारनामा मुद्रांकावर करून फर्मची निबंधकांकडे नोंदणी करून घ्या. नोंदणीची सक्ती नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला आपले पैसे बुडवणाऱ्या दुकानदारावर दावा लावता येत नाही. करारनाम्यात वाट्यांचे टक्के, कोणाचं किती भांडवल, चक्की कोणाची आणि कामाचा मोबदला किती, हे असू द्या. एक कलम आवर्जून घाला: दोघींपैकी एकीचं काही बरंवाईट झालं तर तिचा वाटा कोणाला, कसा आणि किती दिवसांत द्यायचा. करारात दुसरं काही लिहिलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. दोघीच असाल तर लिहूनही ती जुन्या रूपात चालू शकणार नाही, कारण भागीदारीला किमान दोन माणसं लागतात. आणखी एक गोष्ट तिला आणि स्वतःलाही समजावून सांगा. भागीदारीत एकीने धंद्यासाठी केलेली उधारी दुसरीच्या अंगावरही येते, तिच्या वाट्यापुरती नव्हे तर पूर्ण.

आता पतींबद्दल. ते काळजीपोटी म्हणतात, यात मला शंका नाही. तरीही ताई, धंदा त्यांच्या नावावर ठेवू नका, असं मी तुम्हाला स्पष्ट सांगते. आजच्या घडीला कागदावर तुम्ही या धंद्यात कुठेच नाही. सहा वर्षांची विक्री त्यांच्या खात्यात दिसते, त्यामुळे उद्या तुम्ही स्वतःच्या नावाने कर्ज मागायला गेलात तर बँकेला दाखवायला तुमच्याकडे एकही ओळ नसेल. त्याच खात्याला त्यांचं पीक कर्ज जोडलेलं असेल आणि एखाद्या वर्षी वादळात केळी आडवी झाली, तर वसुलीच्या वेळी त्यातले पापडाचे पैसे कोणते आणि केळीचे कोणते, हे कोण वेगळं काढणार? दोन्ही धंदे वेगळे ठेवणं त्यांच्याही हिताचं आहे. बाग गेली तरी घरात दुसरा पैसा सुरक्षित राहील. त्यांना हे याच शब्दांत सांगा. बँकेच्या चकरांचं म्हणाल, तर पहिल्या एक-दोन चकरा त्यांनी सोबत माराव्यात.

भाच्याच्या प्रायव्हेट लिमिटेडकडे वळते. कंपनी २०१३ च्या कायद्याने चालते. तिला किमान दोन संचालक लागतात, आणि विक्री एक रुपयाची असली तरी दरवर्षी सीएकडून ऑडिट करून घ्यावंच लागतं. ताळेबंद आणि वार्षिक विवरण वेगवेगळं भरायचं, आणि उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मवर दिवसाला १०० रुपये. दोन फॉर्म सहा महिने राहिले तर किती होतात, ते तुमच्या वहीत मांडून बघा. धंदा जमला नाही म्हणून कंपनी नुसती सोडून देता येत नाही. तिचं नाव काढायलाही अर्ज आणि त्याची १०,००० रुपये फी आहे. एजंटाच्या पॅकेजमध्ये कंपनी काढून देण्याचा खर्च असतो, पुढे दरवर्षी पोसण्याचा खर्च बहुधा नसतो.

एकट्या माणसाची कंपनी, म्हणजे ओपीसी, हाही प्रकार आहे. तिलाही ऑडिट चुकत नाही. एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. तिला ४० लाखांच्या आतल्या उलाढालीवर आणि २५ लाखांच्या आतल्या भांडवलावर ऑडिटमधून सूट आहे, पण तिचीही दोन विवरणं दरवर्षी, धंदा झाला नाही तरी, भरावी लागतात. तुमच्या आजच्या कामाला या दोन्हींची गरज मला दिसत नाही.

"पण कंपनी असली तर घर वाचतं ना?" तुमच्या पत्रातला सगळ्यात काळजीचा प्रश्न हाच आहे, म्हणून तो सावकाश बघू. हो, कंपनीत मालकाची जबाबदारी भागभांडवलापुरती मर्यादित असते, आणि एकट्याच्या मालकीत किंवा भागीदारीत ती अमर्याद असते. हे पुस्तकात खरं आहे. प्रत्यक्षात छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेते, म्हणजे कर्जापुरतं घर पुन्हा तिथेच येतं. आणि खाण्याच्या पदार्थाने कुणाला अपाय झाला, तर अन्न सुरक्षा कायदा कंपनीबरोबर ती चालवणाऱ्या माणसालाही जबाबदार धरतो. कंपनीची पाटी लावली म्हणून तुमची मिरची कोरडी होणार नाही.

तुमचं खरं संरक्षण कामात आहे. ओली मिरची कुटली तर मसाल्याला बुरशी धरते, म्हणून नंदुरबारहून आलेला माल असो की गावातला, तो पुन्हा उन्हात कडक वाळवल्याशिवाय चक्कीत जाऊ देऊ नका. प्रत्येक घाण्याला क्रमांक द्या आणि त्यातलं एक छोटं पाकीट तारीख टाकून स्वतःकडे ठेवा, म्हणजे तक्रार आली की ती कोणत्या घाण्याची ते कळेल. पाकिटावर घटक, वजन, बॅच, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण, एमआरपी, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक हवा. विक्री वाढली की विमा कंपनीकडे उत्पादन दायित्वाच्या विम्याची, म्हणजे मालाने कुणाला अपाय झाला तर भरपाई देणाऱ्या विम्याची, चौकशी करा. तुमची भीती कंपनीपेक्षा तो विमा जास्त कमी करेल.

कराच्या बाजूनेही माझा कल एकट्याच्या मालकीकडे जातो. प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याचं उत्पन्न तुमचंच उत्पन्न असतं. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत धरून कर शून्य होतो. सहा लाखांच्या विक्रीतून ज्वारी, उडीद, मिरची, मजुरी, कुरियर जाऊन जे उरेल, ते यात कुठल्या कुठे बसतं. फर्म, एलएलपी किंवा कंपनीला अशी सूट नाही, त्यांना पहिल्या रुपयापासून कर आहे. फर्म आणि एलएलपीला तो ३० टक्के आहे. करारात लिहिलेलं असेल तर भागीदारांचा मोबदला मर्यादेपर्यंत वजा होतो, एवढाच दिलासा. शिवाय छोट्या व्यापाऱ्याला अंदाजित नफ्याची सोय आहे: विक्रीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवून साधं विवरण भरता येतं. त्याचा फायदा व्यक्तीला आणि साध्या भागीदारी फर्मला मिळतो, एलएलपीला आणि कंपनीला मिळत नाही. कर लागत नसला तरी विवरण भराच. तीन वर्षांची विवरणं हातात असली की बँकेत बोलणं सोपं होतं.

सुरतेच्या पार्सलांचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण तो मला सगळ्यात आधी दिसला. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे तुम्हाला कोणीतरी बरोबर सांगितलं आहे. मात्र करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकली की ही मर्यादा लागू होत नाही, नोंदणी घ्यावीच लागते. पापडाला जीएसटी माफ आहे, त्यामुळे फक्त पापड गुजरातेत पाठवले तर प्रश्न नाही. मसाल्यावर ५ टक्के आहे. सुरतेत आपली एवढी खान्देशी माणसं राहतात, त्यांना काळा मसाला लागतोच, आणि तिथेच तुमचा धंदा नकळत नियमाबाहेर जातो. तेव्हा निर्णय घ्या: एक तर मसाला महाराष्ट्रातच विका, नाही तर जीएसटी घेऊन सुरतेची बाजारपेठ नीट धरा. छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोप्या जीएसटीची कंपोझिशन योजना इथे चालणार नाही, कारण तीत परराज्यात विक्री करता येत नाही. बिबडे आणि कुरडया नेमक्या कोणत्या वर्गात धरायच्या, ते करसल्लागाराकडून लेखी घ्या, तोंडी नको. हा निर्णय प्रोप्रायटर असलात तरी घ्यावा लागेल आणि कंपनी काढलीत तरी.

नाव मोठं होण्याबद्दल भाच्याला एक सांगा. कंपनी नोंदवली म्हणून पाकिटावरचं नाव आपलं होत नाही, त्यासाठी ट्रेडमार्क वेगळा घ्यावा लागतो. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षं टिकते. पापड-मसाला ३० व्या वर्गात येतो, लोणची सुरू केलीत तर त्यांचा वर्ग २९ वा. भाच्याला मदतच करायची असेल, तर तुमचं नाव आधी कोणी घेतलं आहे का, एवढं त्याने शोधून द्यावं.

लिज्जत पापडाचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. संस्था म्हणून त्यांची रीतसर नोंदणी झाली १९६६ मध्ये. तोवर सात वर्षं त्या काम करत होत्या, आणि लाटणारी प्रत्येक जण मालकीण, हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. तुमच्या गावातल्या आणखी आठ-दहा जणींना बरोबरीने घ्यायचा विचार पुढे मनात आला, तर कंपनीच्या आधी उमेदच्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) बचत गटाकडे बघा. तो वेगळा मार्ग आहे, आणि तुमच्या पत्रात तशी इच्छा मला दिसली नाही.

तर माझं मत: जावेने मालकीला नकार दिला, तर तुमच्या स्वतःच्या नावाने प्रोप्रायटरशिप. तिने होकार दिला, तर दोघींची नोंदणीकृत भागीदारी. कंपनीचा विचार बाहेरचं कोणी भांडवल घालायला आलं, किंवा मोठं कारखान्याचं युनिट टाकायचं ठरलं, तेव्हा. प्रकार पुढे बदलता येतो, पण फुकटात नाही. नवं पॅन, नवं खातं, नव्या नोंदण्या, ट्रेडमार्कचं हस्तांतर, हे सगळं तेव्हा करावं लागेल. म्हणूनच जावेशी बोलणं आधी, कागद मागून.

प्रोप्रायटरशिप ठरली तर त्यासाठी वेगळी नोंदणी नाही, तुमचं पॅन हेच धंद्याचं पॅन. आधी एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी घ्या, वर्षाला १०० रुपये. तुमच्या उलाढालीला मोठा परवाना लागत नाही. हे काम कंपनी-भागीदारीच्या वादात थांबवू नका, घरातून विकणाऱ्यालाही ते बंधनकारक आहे. मग उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर, सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत. कोणी पैसे मागितले तर ते सरकारचे नाहीत. घर सासूबाईंच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि वीजबिलाची प्रत फाइलला लावून ठेवा. कामगार एवढे थोडे असल्यामुळे दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी नव्हे, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. एवढे कागद झाले की बँकेत धंद्याच्या नावाने चालू खातं उघडा आणि त्याच दिवशी जुना क्यूआर कोड बदला. पाकिटं भरून विकता, म्हणून वैधमापन शास्त्र विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी करायची आहे, तीही विसरू नका.

मशीन घ्यायचं असेल तर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेचे अर्ज सध्या चालू आहेत का, ते विचारा. २०२० साली सुरू झालेल्या या योजनेत कर्जाला जोडून ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवलं होतं, आणि एकट्याच्या मालकीचे उद्योगही तिला पात्र होते. अनुदानासाठी कंपनी लागते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि एजंटाला आगाऊ रक्कम देण्याआधी तीन गोष्टी लिहून मागा: पहिल्या वर्षीचा सगळा खर्च, दुसऱ्या वर्षापासून दरवर्षीचा ऑडिट आणि फॉर्म धरून खर्च, आणि कंपनी बंद करायची वेळ आली तर तो काय घेईल. या तिन्हींची बेरीज तुमच्या वर्षाच्या नफ्याशेजारी लिहा, आणि तो कागद भाच्याला, दिरांना व पतींना एकत्र बसवून दाखवा. जावेलाही तिथे बसवा.